फलंदाजी शिकवणारा संघ चालवेल का?

ऑक्टोबरच्या अखेरीस कोलकाता नाइट रायडर्सनं अभिषेक नायरला मुख्य प्रशिक्षक नेमल्याची बातमी आली, आणि आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक तट म्हणत होता, रोहित शर्मापासून दिनेश कार्तिकपर्यंतचे खेळाडू ज्याच्याकडे आपली फलंदाजी सुधारून घ्यायला जातात, तो संघाचंही सोनं करेल. दुसरा म्हणत होता, एकाची बॅट सरळ करणं वेगळं आणि पंचवीस जणांचा संसार सांभाळणं वेगळं. मग 2 नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि पहिल्या तटाला अमोल मुझुमदार सापडले. फलंदाजीचेच प्रशिक्षक होते ना? मग! पुढे 18 नोव्हेंबरला ढाक्यात आपला फुटबॉल संघ बांगलादेशाकडून 1-0 असा हरला, तेव्हा दुसऱ्या तटाला खालिद जमील सापडले. चहा मात्र दोन्ही तटांनी एकाच किटलीतून घेतला.

मी दुसऱ्या तटातला. तरी मुझुमदार माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत, असं मला वाटतं.

ते राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक होते. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात आला तेव्हा त्यांनीही हेच काम मुझुमदारांना दिलं होतं. पण तिथून ते थेट भारतीय महिला संघाच्या प्रमुखपदी आले नाहीत. मधे 2021 पासून त्यांनी मुंबईचा रणजी संघ सांभाळला. 2022 च्या अंतिम सामन्यात मुंबई मध्य प्रदेशाकडून हरली. समोरच्या तंबूत चंद्रकांत पंडित होते, म्हणजे मुंबईच्याच शाळेतला माणूस, मुंबईची सगळी नस ओळखणारा. तो पराभव मुझुमदारांच्या नावावर लागला. फलंदाजी प्रशिक्षकाच्या नावावर पराभव लागत नाही हो! त्याच्या नावावर लागतं ते एखाद्याचं शतक. ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला संघ हाती आला, आणि वर्षभरात, 2024 च्या ट्वेंटी-20 विश्वचषकात, तो संघ गटातच बाद झाला. तेव्हा या माणसाला काढा म्हणणारे काही कमी नव्हते.

आणि मग हा विश्वचषक. सलग तीन सामने गेले: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंदूरला इंग्लंडविरुद्ध संघानं एक गोलंदाज वाढवण्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं, आणि सामना अवघ्या 4 धावांनी गेला. आता विचार करा. ज्याची सगळी हयात फलंदाजीत गेली, प्रथम श्रेणीत ज्याच्या 11 हजारांवर धावा आहेत, त्याच्या संघातून एक फलंदाज कमी केला जातो आणि सामना धावांसाठीच हुकतो. नुसता फलंदाजी प्रशिक्षक असता तर म्हणाला असता, मी सांगत होतो. प्रमुखाला तसं म्हणायची सोय नसते. पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली, तीही तिसऱ्या क्रमांकावर, आणि न्यूझीलंडविरुद्ध नाबाद 76 करून गेली. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचं 339 धावांचं लक्ष्य तिच्या नाबाद 127 धावांवर गाठलं. प्रतिका रावल जखमी झाल्यावर मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला बोलावलं, तिनं अंतिम सामन्यात 87 धावा केल्या आणि वर दोन बळी घेतले. निर्णय चुकला तर तो झटकून न टाकता आठवड्याच्या आत उलटा फिरवायचा, आणि बाहेर बसलेल्या पोरीचं मन मोडू द्यायचं नाही, हे कसब बॅटच्या कोनाशी संबंधित नाही. ते मुझुमदारांनी कुठं कमावलं असेल? माझ्या मते नेट्समध्ये नाही. सचिन-कांबळीच्या 664 धावांच्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेला हा मुलगा, रणजी पदार्पणात 260 करूनही भारताकडून एकदाही न खेळलेला हा फलंदाज. बाहेर बसणं काय असतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये (ते अंडाकृती चेंडूचं) हा प्रश्न दरवर्षी येतो. तिथं आक्रमणाच्या चाली आखणारा वेगळा प्रशिक्षक असतो, आणि त्याचं आक्रमण गाजलं की दुसरा एखादा संघ त्याला प्रमुख करून घेऊन जातो. जॉश मॅकडॅनियल्स हे त्यातलं ठसठशीत नाव. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये चाली आखताना हा माणूस कायम विजेत्यांत. डेन्व्हरनं प्रमुख केलं, दुसरा हंगाम पुरा होण्याआधी काढलं. लास वेगासनं प्रमुख केलं, तिथंही तेच. 2025 मध्ये तो पुन्हा न्यू इंग्लंडला चाली आखायला परतला. त्याची अक्कल मधल्या काळात कुठं गेली नव्हती. काम बदललं होतं.

हे काम बदलतं म्हणजे नेमकं काय, ते आपल्या श्रीरामपूरच्या जहीर खानमुळे मला उशिरा कळलं. 2017 मध्ये क्रिकेट मंडळाच्या सल्लागार समितीनं भारताच्या गोलंदाजीसाठी जहीरचं नाव पुढं केलं होतं. मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री भरत अरुण यांच्यासाठी अडून बसले आणि अरुणच आले. जिल्ह्याचा माणूस डावलला म्हणून मला तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, शास्त्रींचंच बरोबर होतं. जहीर अरुणपेक्षा कितीतरी मोठा गोलंदाज, यात वादच नाही. पण ज्याच्या नावावर हार लागणार आहे, त्याला आपले हात स्वतः निवडू द्यायला हवेत. पुढे अरुण सोबत असताना भारतानं ऑस्ट्रेलियात दोनदा कसोटी मालिका जिंकली.

आता खालिद जमील. आपल्या समाजात त्यांच्या नेमणुकीचा आनंद झाला, तो लपवायचं कारण नाही. पण आनंद बाजूला ठेवून त्यांचा रस्ता बघा. त्यांनी मुंबई एफसी अनेक वर्षं सांभाळली. 2016-17 मध्ये मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर हेच गृहस्थ नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून बसले. प्रमुखपद भूषवलेल्या किती जणांना हे जमेल? तिथला परदेशी प्रशिक्षक हंगामाच्या मध्यात गेला, संघ यांच्या हाती आला आणि बाद फेरीपर्यंत पोचला. ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा संघ मिळाला, तोही तेरा वर्षांनी एका भारतीयाला. सुरुवातीलाच मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून तिसरं स्थान मिळालं. मग मडगावात सिंगापूरकडून हार, आशिया चषकाची वाट बंद, आणि वर ढाका. हे पराभव जमील सहायक होते म्हणून झाले, असं म्हणणाऱ्यांनी ऐझॉल विसरू नये. आणि ते आपले आहेत म्हणून गप्प बसणाऱ्यांनी मडगाव विसरू नये. प्रमुखाचा हिशेब असाच लागतो.

भारतीय फुटबॉलला आशियाई सुवर्ण दोनदा मिळवून देणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशानं शिक्षक होते, हे आमच्या स्टाफरूममध्ये मी मुद्दाम सांगतो. 1962 ला जकार्त्यात त्यांनी जर्नेल सिंग या बचावपटूला, डोक्याला जखम असताना, आघाडीला खेळवलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या आपल्या दोन गोलांपैकी एक त्यानंच केला. नुसता आक्रमणाचा किंवा नुसता बचावाचा प्रशिक्षक असता तर ज्यानं त्यानं आपापला माणूस धरून ठेवला असता.

दीनी बाजूनं पाहिलं तर आपल्याकडे हा फरक फार आधी केलेला आहे. हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांची सच्चाई, परहेजगारी सगळ्यांना ठाऊक. तरीही हुजूर (सल्ल.) यांनी त्यांना आपुलकीनं सांगितलं की तुम्ही या कामात कमजोर आहात, दोन माणसांचीही सरदारी घेऊ नका. त्यानं त्यांचा दर्जा कमी झाला नाही. उलट हजरत उमर (रजि.) यांनी खालिद बिन वलीद (रजि.) यांना सेनापतिपदावरून दूर केलं, तर ते अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिले. पद आणि लायकी हे दोन वेगळे खण आहेत, हे ज्या उम्मतीला इतकं स्पष्ट सांगितलं गेलं, तिच्या संस्थांमध्ये आज काय चालतं?

इथं मला शाळेवर यावंच लागतं. राज्यातल्या इतर खासगी शाळांत मुख्याध्यापक साधारणपणे सेवाज्येष्ठतेनं ठरतो. अल्पसंख्याक शाळांना मात्र 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातच मोकळीक आहे, प्रमुख आपल्या पसंतीचा नेमता येतो. संविधानाच्या 30 व्या कलमाच्या मागं उभं राहून मिळालेला हा हक्क. आपण तो वापरतो कसा? कधी अध्यक्षांचा नातेवाईक, आणि फार प्रामाणिकपणा दाखवला तर दहावीचा निकाल सगळ्यात चांगला लावणारा शिक्षक. दुसरी निवड आपल्याला न्याय्य वाटते. मला ती नायरच्या नेमणुकीसारखी वाटते: जमेल किंवा नाही, पण जमलं तर निकालामुळे नव्हे.

मी एका शाळेत हे जवळून पाहिलं. गणिताचे असे सर मी पुन्हा पाहिले नाहीत. भूमितीचं प्रमेय ते उर्दूत असं सांगायचे की मागच्या बाकावरचं पोरही मान वर करायचं. त्यांना मुख्याध्यापक केलं. पहिल्या वर्षी त्यांनी दहावीचे तास सोडले नाहीत. नव्या शिक्षिकेच्या वर्गात जाऊन तिच्या हातातला खडू घेतला, मुलांसमोर. शालार्थचं बिल अडकलं, यू-डायसची माहिती राहिली, पोषण आहाराच्या तांदळावरून दोन शिक्षक भांडले तेव्हा सर कार्यालयाचं दार लोटून पेपर तपासत बसले. तीन वर्षांत शाळेनं एक वाईट मुख्याध्यापक मिळवला आणि एक उत्तम गणित शिक्षक गमावला. सरांना कुणी दोष दिला नाही, पण त्यांनी स्वतःला दिला, आणि ते मला जास्त लागलं.

येत्या मे महिन्यात ओळखीच्या एका संस्थेत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होते आहे. संस्थेच्या एका सदस्यानं मला मशवरा विचारला. नावं दोन. मी म्हटलं, दोघांनाही निकाल विचारू नका. एकाला या वर्षीचं स्नेहसंमेलन द्या, एकाला पुढच्या सत्राचं वेळापत्रक करायला द्या, आणि मग बघा, कोणाचं काय चुकतं आणि चुकल्यावर तो कोणाचं नाव घेतो. ते हसले. म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे, पण त्यातल्या एकाचा विज्ञानाचा निकाल शंभर टक्के आहे."