गाळाचाही हिशेब हवा

बिद्रीच्या साखर कारखान्याच्या नावातच दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्या आहेत. त्यांच्या पाण्यावर या भागातला ऊस उभा आहे. धरणात पाणी किती साठले, किती सोडले, हे पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण त्या पाण्याबरोबर माती व वाळू किती गेली, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे. ती का, हे समजण्यासाठी नदीच्या मुखापर्यंत जायला हवे.

वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. कृष्णा पुढे आंध्र प्रदेशात विजयवाड्याच्या खाली त्रिभुज प्रदेश तयार करून बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीच्या काळ्या खडकाची झीज होऊन निघालेल्या कणांची वाटही हीच.

प्रवाहाला वेग असला की तो कण वाहून नेतो. वेग कमी झाला की टाकून देतो. आधी जाड वाळू बसते, मग बारीक, सर्वांत शेवटी चिकणमाती. मुखाशी पात्राचे काठ संपतात, पाणी पसरते, वेग घटतो आणि समोर वाळूचा दांडा तयार होऊ लागतो. दांडा उंच झाला की त्यावरून जाणे पाण्याला जड जाते. मग ते दोन्ही बाजूंनी वाट काढते. एका पात्राची दोन होतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी पुन्हा तोच प्रकार घडतो. त्रिभुज प्रदेशातील अनेक फाटे असेच फुटतात.

पात्रातले दांडेही एका जागी राहत नाहीत. वरच्या अंगाची वाळू प्रवाह खरवडतो व खालच्या अंगाला टाकतो. त्यामुळे दांडा हळूहळू पुढे सरकतो. त्यावर गवत उगवले तर पुढच्या पुराचा गाळ त्यात अडकतो व त्याचे बेट बनते. एखादा मोठा पूर ते फोडूनही टाकतो. मुखाशी तर लाटा व भरती-ओहोटी वाळू सतत हलवीत असतात. तेव्हा दांडा टिकतो, तो नवी वाळू येत राहते म्हणून.

ही आवक घटली तर? अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा धरणांत कृष्णेचा बराच गाळ अडतो. लाटांचे काम मात्र थांबत नाही. गेल्या काही दशकांत कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी समुद्राने खाल्ला आहे, आणि गाळाची घटलेली आवक हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

मग धरणे नकोत काय? असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. पिण्याचे पाणी व शेती त्यांच्यावरच अवलंबून आहे. परंतु अडलेला गाळ धरणाचीही साठवणशक्ती कमी करतो. म्हणजे नुकसान दोन्ही टोकांना होते. यावर विचार करण्याजोगे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या नावानेच ओळखले जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याच्या तोंडाशी काढतात. पूर व त्याबरोबरचा गाळ निघून जातो. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवतात. मोठ्या धरणाला ही युक्ती जशीच्या तशी लागू पडणार नाही, पण नदीला गाळ वाहू द्यावा लागतो हे तत्त्व तेच आहे. वाळूचा उपसा करतानाही, वर्षाला येते किती आणि आपण उचलतो किती, हे आधी मोजले पाहिजे.

शिक्षकांनी ही मोजणी शाळेपासून सुरू करावी. आषाढात काठावरून सुरक्षितपणे बादलीभर पाणी आणावे, काचेच्या उंच बरणीत ते स्थिर ठेवावे आणि तळाशी बसलेल्या थराची जाडी वहीत लिहावी. हिवाळ्यात पाणी उतरल्यावर वळणाच्या आतल्या बाजूच्या वाळूचा नकाशा काढावा. दर वर्षी हेच करावे. पाच वर्षांनी शाळेपाशी आपल्या नदीची अशी नोंद असेल, जी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.