शंभर रुपयांची सवलत, चार वर्षांची वाट

पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाच्या टोलेजंग इमारती उभ्या आहेत. १९ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचे उद्घाटन झाले. इमारती आल्या, पण आत बसण्यासाठी अर्ज करणाऱ्या आमच्या मुलांचे काय हाल झाले, ते तारीखवार पाहिले पाहिजे.

राज्यातील जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली. मुलांनी शुल्क भरले. महापरीक्षा पोर्टलविरुद्ध बोंब झाली, पोर्टल बंद झाले, मग कोरोना आला आणि अखेर ती भरतीच रद्द झाली. पैसे परत हवेत तर बँकेचा तपशील पुन्हा ऑनलाईन भरा! ऑगस्ट २०२३ मध्ये नवी जाहिरात आली. शुल्क खुल्या प्रवर्गास १००० रुपये, मागासवर्गीयास ९००. तेही प्रत्येक पदाला वेगळे. तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या पदवीधराने तीन पदांसाठी अर्ज केला की २७०० रुपये गेले. वयात सूट मिळाली दोन वर्षांची; वाट पाहण्यात गेली होती चारहून अधिक.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, ऑगस्ट १९४३ च्या ठरावाने अनुसूचित जातींना केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळाल्या, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असते. पण त्याच ठरावाने वयोमर्यादा तीन वर्षांनी वाढवली आणि परीक्षा शुल्क एक चतुर्थांशावर आणले, हे भाषणांत फारसे येत नाही. राखीव जागेपर्यंत पोचायला गरिबाजवळ पैसा आणि वय दोन्ही शिल्लक लागते. परक्या सरकारने जे कागदावर मान्य केले, ते ८० वर्षांनी आपल्याच सरकारला कळू नये?

आदिवासी उमेदवारांची गत तर याहून वाईट. पेसा क्षेत्रातील १७ संवर्गांच्या नियुक्त्या न्यायालयीन प्रकरणामुळे अडल्या. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि इतर आदिवासी आमदारांवर मंत्रालयातील जाळीवर उड्या मारण्याची वेळ आली. पदरात काय पडले? मानधनावरील तात्पुरत्या नेमणुका! जव्हार-मोखाड्याच्या तरुणाने परीक्षा दिली होती ती कायम पदाची.

आरक्षणाला हात न लावताही ते असे कुजवता येते. म्हणून चळवळीने आता जाहिरातीच्या मजकुरावरच भांडावे. परीक्षा, निकाल आणि नियुक्तीच्या तारखा त्यातच छापा. सर्व पदांना मिळून एकच शुल्क घ्या, तेही १९४३ च्या प्रमाणात. आणि भरती जितकी वर्षे रखडेल, तितकी वर्षे उमेदवाराच्या वयातून वजा करा.