खराटा कोणाच्या हातात?

जपानवारी करून आलेल्यांच्या व्याख्यानांना अमरावतीत सध्या ऊत आला आहे. या आठवड्यात एका वक्त्यांनी तेच कौतुक पुन्हा ऐकवलं: टोकियोच्या रस्त्यावर कचरा नाही, कचरापेटीही दिसत नाही, लोक वेष्टनं खिशात घालून घरी नेतात. (पेट्या हटल्या त्या १९९५ च्या भुयारी रेल्वेतल्या सरीन वायुहल्ल्यानंतर, एवढं मात्र राहून गेलं.) श्रोत्यांतून ठरलेला उसासा आला, ‘आपल्याकडं हे होनंच शक्य नाही ना भाऊ!’

पुन्हा खराट्याचा विषय म्हणून वाचकांनी कपाळाला हात लावू नये. निमित्त वक्त्यांच्याच एका स्लाइडचं आहे. शाळेचा व्हरांडा ओल्या फडक्यानं पुसणारी मुलं. तिथल्या शाळांत हे रोजचं काम. पांढरा अंगरखा आणि टोपी घालून दुपारचं जेवणही मुलंच वाढतात. पोर डॉक्टरचं असो की भाजीवाल्याचं, पाळी चुकत नाही. फडकं हातात घेतल्यानं तिथे कोणाची इज्जत जात नाही.

इथे जाते. वर्ग झाडायला लावला म्हणून जाब विचारायला येणारे पालक शिक्षकांना नवे नाहीत. त्या रागात अभ्यास बुडाल्याचं दुःख थोडं. ‘आमच्या’ पोराच्या हाती ‘त्यांचं’ काम दिलं, हे खरं दुखणं. जपानही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. कातडी कमावणाऱ्या बुराकुमिनांवरचा कलंक १८७१ मध्ये कायद्यानं पुसला, तरी समाजाच्या मनातून तो लवकर गेला नाही. पण शाळेतलं फडकं सगळ्यांच्या हातात आलं.

आणि वऱ्हाडानं याचं अप्रूप करावं? शेंडगावात जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेले डेबूजी जानोरकर गावात शिरले की आधी रस्ते आणि नाल्या झाडत, कीर्तन रात्री. पाया कोणाला पडू देत नसत. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचंच, म्हणजे गाडगेबाबांचं, नाव आहे, सरकारच्या ग्रामस्वच्छता अभियानाला आहे, आणि फ्लेक्सवर तर ते बारमाही आहेत. त्याच फ्लेक्सवर पुढाऱ्यांच्या हातातला खराटा निरखून बघावा: कोरा करकरीत, एक काडी झिजलेली नाही.

येत्या २३ फेब्रुवारीला बाबांची जयंती. भाषणांचा कार्यक्रम आखणाऱ्या मुख्याध्यापकांनी त्या दिवशी शेवटचा तास मोकळा ठेवावा, पालकांनाही बोलवावं, आणि मुलांच्या आधी खराटा स्वतः उचलावा.