ओट्याखालची सुटलेली सनमायका

ओट्याखालच्या कपाटाची सनमायका कडेने उचलली की बहुतेक घरांत आधी चिकटपट्टी लागते, मग मिस्त्री येतो आणि म्हणतो, "भाभी, सगळी शटर्स बदलावी लागतील." त्याला हो म्हणण्याआधी आपण खाली बसून नीट बघावे, असे आम्हाला वाटते. सुटलेल्या कडेच्या आत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. लाकूड टणक लागले तर काम घरी होण्यासारखे आहे. टोक आत रुतले, भुसा गळू लागला किंवा फळी फुगली असेल, तर तेवढे एक शटर बदलावे. बाकीच्यांनी काय बिघडवले आहे?

सनमायका म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदांचे थर उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेला, साधारण १ मिलिमीटर जाडीचा पत्रा. ती सहसा लवकर खराब होत नाही. हार मानतो तो मागचा गोंद. सुतारकामाचा साधा पांढरा गोंद सतत ओल लागली की मऊ पडतो. म्हणून सिंकच्या वरच्या कडेतून किंवा खालच्या पाइपातून पाणी झिरपत असेल तर आधी ते थांबवावे. नाहीतर आज चिकटवलेली कड पुन्हा उचलणारच. शटर दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावे.

यात टाळाटाळ करू नये. मुलांना सुटलेली कड दिसली की ती नखाने ओढल्याशिवाय चैन पडत नाही, वर्गातल्या बाकांवर आम्ही हे रोज पाहतो. आणि सनमायका ठिसूळ असते. एकदा तुकडा मोडला की जोड दिसतोच.

कड हलकेच उचलून आतला जुना गोंद पॉलिश पेपरने घासावा, धूळ झटकावी. हार्डवेअरच्या दुकानात लॅमिनेटसाठीचा रबरी गोंद मिळतो. तो फळीला आणि सनमायकेच्या पाठीला, दोन्हीकडे पातळ लावायचा आणि लगेच दाबायचे नाही. डब्यावर लिहिलेला वेळ थांबून, बोटाला चिकटेनासा झाला की मगच दाबावे. इथेच घाई होते. एकदा टेकला की पत्रा सरकत नाही, म्हणून एका टोकापासून सुरुवात करून लाटण्याने हवा बाहेर काढत जावे.

या गोंदाची वाफ पेट घेते. काम चालू असताना शेगडी, देव्हारी नव्हे तर साधी उदबत्तीसुद्धा पेटलेली नको. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, लहान मुले दुसऱ्या खोलीत. स्वयंपाक आधीच उरकून घ्यावा, वास पूर्ण जाईपर्यंत गॅस लावू नये.

कड जड डब्यांनी किंवा शिकंज्याने दाबून रात्रभर ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्या शटरला ओले फडके लावू नये.