सायकलचा टायर : बारीक, जाड की बेताचा?



नवे सत्र सुरू झाले की शाळेच्या स्टँडवर नव्या सायकली दिसू लागतात. हल्ली त्यांत हायब्रिड सायकली पुष्कळ असतात. मुले सायकलने येतात ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र सायकल घेताना आपण रंग, गिअर आणि किंमत विचारतो. टायरची रुंदी कोणी विचारीत नाही. गेल्या पावसाळ्यात आमचा आठवीचा एक विद्यार्थी गोत्रीतच, रस्त्याकडेच्या अर्धवट बुजवलेल्या चरात बारीक टायर अडकून पडला. गुडघ्यावर निभावले, पण मागून बस येत असती तर?

टायरच्या बाजूवर ३७-६२२ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा बदलता येत नाही. आजोबांच्या २८ इंची सायकलचा ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर बसणार नाही. निवड पहिल्या आकड्याची. तीही रिमला चालेल आणि चिमटा, ब्रेक व मडगार्ड यांत मावेल इतकीच.

मुलांना वाटते, बारीक टायर म्हणजे वेग. गुळगुळीत रस्त्यावर २५-२८ मिलिमीटर ठीक आहे. खडबडीत रस्त्यावर असा कडक टायर उसळतो आणि पायांची मेहनत वाया जाते. उलट काही पालक चार इंची जाड टायरला मजबुती समजतात. ते वजन रोज ओढायचे मात्र मुलाला! माझ्या मते आपल्या रस्त्यांना ३५ ते ४० मिलिमीटरचा, उथळ नक्षीचा टायर योग्य. चिखल अडकू नये म्हणून मडगार्डखाली थोडी जागा राहू द्यावी.

हवा आठवड्यातून एकदा तपासावी. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. फार कडक भरली तर पकड कमी होते. टायरवर छापलेल्या मर्यादेतच, मुलाचे वजन पाहून हवा भरावी.

यासाठी नवी सायकल घेण्याची गरज नाही. टायर झिजला की पुढचा विचारपूर्वक घ्या. दुकानात मुलालाही न्या आणि आकडा त्यालाच वाचू द्या. तेवढाच गणिताचा एक तास होईल.

— प्राचार्य