सरकीचं भाडं

आमच्या सिंदी मेघेतून सकाळी सहाला ऑटो सुटतो. आठ माणसांच्या ऑटोत चौदा बाया. त्यात माझी माय. कापूस वेचायला जातात, किलोमागं दहा रुपये. मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो, शिक्षण मॅट्रिक. म्हणजे कापूस मला दोन्ही टोकांनी ठाऊक. माय तो बोंडातून काढते, आणि त्याची गाठ बांधली की ती १७० किलोची होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी आता पेटंटवर बोलणार आहे. पेटंटवर बोलायला काळा कोट लागतो असं तुम्हांला वाटत असेल तर हे पान उलटा.

पेटंट म्हणजे कल्पनेचा सातबारा. वीस वर्षांचा. तो ज्याच्या नावावर, त्याला कारखाना काढायची गरज नाही. माल दुसऱ्यानं बनवायचा, यानं परवाना द्यायचा आणि नगामागं भाडं घ्यायचं. भाडं थकलं की कोर्ट. तुमच्या खिशातल्या मोबाईलवर हेच चाललंय. एरिक्सन २०१२ पर्यंत हँडसेटच्या धंद्यातून बाहेर पडली, आणि २०१३ मध्ये तिनं मायक्रोमॅक्सला दिल्ली हायकोर्टात खेचलं. लाव्हाला त्याच कोर्टानं २०२४ मध्ये २४४ कोटी भरायला सांगितले.

आमच्या वर्ध्यात हा खेळ सरकीवर झाला. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो, दोघींनी मिळून एक कंपनी काढली. तिचा धंदा एकच : बीटी जीनचा परवाना बियाणं कंपन्यांना द्यायचा आणि पाकिटामागं रक्कम घ्यायची. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. गंमत बघा, त्या पहिल्या जीनचं भारतात पेटंटच नव्हतं! तरी वसुली जोरात. ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या वर गेलं. २००६ मध्ये आंध्र सरकार भांडलं तेव्हा ते साडेसातशेवर उतरलं. त्याच साली दुसरं बीटी आलं, आणि त्याला २००८ मध्ये पेटंट मिळालं.

मग २०१५ मध्ये हैदराबादची नुझीवीडू सीड्स भाड्यावरून अडली. परवाना रद्द, दावे, प्रतिदावे. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं पेटंटच उडवलं. पेटंट कायद्याचं कलम ३(ज) सांगतं की झाड, बी यांवर पेटंट नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवा म्हणून परत पाठवला. त्याच वर्षाअखेर पेटंटची मुदत संपली. २०२१ मध्ये दोघांनी आपसांत मिटवून टाकलं. बी वर मालकी असते का, या प्रश्नाचं उत्तर न देताच फाइल बंद. शेटजींचं भांडण असंच मिटतं.

आपली काही पोरं तेव्हा नुझीवीडूच्या बाजूनं बोलत होती. देशी कंपनी, विदेशी लुटारू वगैरे. त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. २०१६ मध्ये सरकारनं पाकिटाचा भाव ८०० ठरवला, त्यात जीनचं भाडं ४९ रुपये. २०२० मध्ये भाडं शून्य, पाकीट ७३०. आणि २०२४ मध्ये? भाडं शून्यच, पाकीट ८६४. भाडेकरू मालक झाला, भाव चढतच राहिला. देशी शेठ, विदेशी शेठ, मायच्या दहा रुपयांत फरक पडला का? काडीचा नाही.

२०१७ मध्ये तर ४९ रुपये मोजलेली पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीनं खाल्ली. जीन अळीला पचला होता. फवारण्या वाढल्या, आणि शेजारच्या यवतमाळात फवारता फवारता वीसच्या आसपास माणसं मेली. पंप पाठीवर कुणाच्या होता, ते तुम्हांला सांगायला नको.

आणि हे बी पुढच्या साली धरताही येत नाही. २००१ च्या वाण कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा हक्क देतं. पण संकरित सरकी पुन्हा पेरली तर पीक तसं येत नाही. हक्क कागदावर, बी दुकानात. सरकारी शास्त्रज्ञांनी, त्यांत आपल्या नागपूरची कापूस संशोधन संस्थाही होती, राखून पेरता येईल असं बिकानेरी नरमा बीटी २००९ मध्ये बाजारात आणलं. त्यात मोन्सँटोचाच जीन सापडला, आणि ते गुंडाळावं लागलं. याची मला अजून चीड येते. एक धड सरकारी बी आलं, तेही चोरीचं निघालं.

कोण म्हणेल, शोध लावणाऱ्याला मोबदला नको का? हवा. पण कापूस रानातून शेतात कुणी आणला? हजारो वर्षं चांगलं बोंड निवडून सरकी राखली, त्या हातांना कुणी पावती दिली नाही. उलट त्याच देशात अक्षरावर, पाण्यावर, देवळावर मक्ता बसवला. जीनच्या पेटंटला निदान वीस वर्षांनी मुदत आहे. जन्मावरच्या पेटंटची मुदत कधी संपते ते एखाद्या वकिलानं दाखवावं.

आता नवं येतंय. तणनाशक मारलं तरी न मरणारी पऱ्हाटी. परवानगी नसताना विदर्भात ते बी चोरून विकलं जातंय, पेरलं जातंय. शेतकरी खूष, कारण निंदणाची मजुरी वाचते. ती मजुरी म्हणजे आमच्या ऑटोतल्या बायांचे पावसाळ्यातले दिवस. माझी मागणी सरळ आहे : दिल्लीत ज्या टेबलावर पाकिटाचा भाव आणि जीनचं भाडं ठरतं, तिथं निंदणारी, वेचणारी बाई बसवा. मायला विचारलं, जाशील का? ती म्हणाली, "जाईन, पन त्या दिसाची मजुरी कोन देईन?"