फॉरमॅट मारण्याआधी

आपल्या दिग्रससारख्या गावात घरचा कॉम्प्युटर बिघडला की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ माझ्या मते फॉरमॅट हा शेवटचा इलाज आहे, पहिला नव्हे.

बरेच बिघाड किरकोळ असतात. तारीख सारखी मागे जाते, वेबसाइट उघडत नाहीत? मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदलून पाहा. नुसती बीप वाजते, स्क्रीन काळीच? प्लग काढून रॅम बाहेर घ्या, तिची सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसून परत बसवा. उन्हाळ्यात मशीन आपोआप बंद पडते? आधी पंख्यातली धूळ काढा. फार मंदावली? सी ड्राइव्ह भरला आहे का, ते बघा. ही कामं घरातल्या मुलामुलींनाही जमतात.

फॉरमॅटमध्ये जातं ते मात्र परत मिळेलच असं नाही. आपल्यापैकी अनेकांचं उर्दू लिखाण इनपेजमध्ये आहे, मराठी जुन्या फॉन्टमध्ये. ते सॉफ्टवेअर, तो फॉन्ट गेला की फाइल हाताशी असूनही वाचता येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर, दुसरी एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नवी विंडोज टाकायला आता अनेक मशिनी दुकानात जातील. तिथे विचारतील, ‘डेटा पाहिजे का?’ त्याचं उत्तर घरूनच तयार करून न्या.